वाकळीच्या पोटातल्या गाठी

तूर वाळली की शेंगा आपोआप तडकतात. दुपारच्या उन्हात भाऱ्यांजवळ बसलं की कोणीतरी बारीक काड्या मोडत बसल्यासारखा आवाज येत राहतो. यंदा आम्ही तुरीचे भारे अंगणाच्या कडेला आणून उभे केलेत. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले आहे. मांडीवर वाकळ आहे आणि बाजूला मोबाइल पालथा ठेवला आहे. सारखं बघणं होऊ नये म्हणून पालथा. तरी दर थोड्या वेळानं उलटा करून बघतेच.

आज गायत्रीचा निकाल आहे. गायत्री माझी नात, नांदेडला डिप्लोमाला आहे. पहिल्या वर्षाचं गणित राहिलं होतं, ते तिनं या हिवाळ्यात पुन्हा दिलं. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या दत्तानं, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की एकदा राहिलं ते राहिलं, दुसऱ्यांदा राहिलं तर सामान बांधून घरी यायचं. तो ओरडून बोलत नाही. हळू बोलतो आणि बोललेलं बदलत नाही. आज सकाळी तो शेतात गेला तेव्हा मोबाइल घरीच ठेवून गेला. विसरलो म्हणेल. तो विसरणारा माणूस नाही.

सून मीरा आत भाकरी करते आहे. तिनं सकाळपासून दोनदा मीठ घातलेल्या भाजीत तिसऱ्यांदा मीठ घातलं. आज खारट भाजी खाऊ.

तुरीचे दिवस आले की माझ्या डाव्या हाताचा अंगठा दुखतो. थंडीनं दुखतो असं मीरा म्हणते. थंडीनं असेलही. पण दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत त्या अंगठ्यात एक दोरा रुतला होता, आणि तेव्हापासून तो दुखतो हे मला माहीत आहे. साधा दोरा नव्हता तो. दिसायला राखाडी, हाताला खरखरीत, सुईत ओवताना टोकाला पिंजणारा. जीभ लावून टोक ओलं केलं तर तोंडात नाणं धरल्यासारखी चव येई. गायत्री त्याला चांदीचा दोरा म्हणायची. त्यातून वीज जायची.

वाकळ शिवायचं काम खरं उन्हाळ्याचं. उन्हाळ्यात हात मोकळे असतात आणि दिवस लांब असतो. ही एकच वाकळ मी हिवाळ्यात शिवली. गायत्री दहावीला होती. ताडकळसच्या बाजारातून मी मेथी घेऊन आले होते, ती निवडत बसले होते, आणि ती दप्तर न काढताच समोर येऊन बसली. तिच्या शाळेत एक खोली होती, तिथं पोरांना हातानं काय काय बनवायला देत. छोटे दिवे, मोटरी, उजेड कळणारं भिंग, पाणी कळणारी तार. तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिला त्यात मांडायचं होतं.

"आज्जी, मला एक वाकळ शिवून देशील का? बोलणारी."

मी म्हणाले की आमच्या घरात बोलणारी माणसं कमी आहेत का, आता अंथरूणही बोलायला हवं.

तिनं खिशातून एक हिरवी पट्टी काढली. बिस्किटाएवढी, कडेला भोकं, मध्ये काळे ठिपके. याला बोर्ड म्हणतात, म्हणाली. वाकळीच्या एकेका ठिगळापासून एकेक चांदीचा दोरा निघून या बोर्डाच्या एकेका भोकाला येणार. काठाभोवती आणखी एक दोरा फिरणार. बघणाऱ्यानं एक हात काठावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट ठिगळावर टेकवायचं. ज्या ठिगळावर बोट, त्या ठिगळाचा आवाज.

"म्हंजे वीज माझ्या अंगातून जाणार?"

"जाणार. पण एवढीशी. मुंगीला बी कळणार न्हाई."

"मुंगीला तू इचारलंस का?"

ती हसली. पण मग चेहरा सरळ करून जे सांगितलं ते ऐकून मी मेथी बाजूला ठेवली. दत्तानं तिला अट घातली होती. तिला दहावीनंतर नांदेडला जाऊन हेच शिकायचं होतं, होस्टेलवर राहून. दत्ता म्हणाला होता, प्रदर्शनात नंबर आला तर पाठवतो. नाही आला तर अकरावी ताडकळसला, येऊन-जाऊन.

दत्ताला मी वाईट म्हणणार नाही. एकुलती एक पोर, त्याला नांदेडचा रस्ता माहीत होता, होस्टेल माहीत नव्हतं. त्यानं अट घातली ती नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. अटीवर ढकललं की आपण नाही म्हटलं असं होत नाही.

मला चौथीतून काढलं तेव्हा कोणी अट घातली नव्हती. घातली असती तर मी ती पूर्ण केली असती. मेथीचे देठ गोळा करून शेळीला टाकले आणि म्हणाले, ठिगळं कशाची घ्यायची ते सांग.

आठ ठिगळं घेतली. ती सगळी मला आजही डोळे मिटून सांगता येतील, कारण बोटांनी ती ओळखते. मीराच्या साडीचं ठिगळ गुळगुळीत, त्यावर बोट ठेवलं की भाकरी थापल्याचा आवाज येणार होता. बैलाच्या जुन्या झुलीचं ठिगळ जाड, त्यात घुंगरं. पोत्याचा तुकडा, त्यात सुपात तूर पाखडल्याचा सळसळाट. दत्ताच्या शाळेतल्या शर्टाचा तुकडा मी ट्रंकेत जपून ठेवला होता असं कोणाला वाटेल. तसं काही नाही. त्याचं मी पायपुसणं केलं होतं, तेच धुऊन घेतलं. त्या ठिगळासाठी गायत्रीनं दत्ता बैलांना हाक देतो तो आवाज मोबाइलमध्ये धरून आणला. माझ्या इरकलीच्या तुकड्यासाठी माझा आवाज तिनं मला न सांगताच घेतला होता. बोर्डाला जोडून ऐकवला तेव्हा कळलं. दत्ता शेतातून येऊन तसाच चुलीजवळ चालला होता आणि मी मागून म्हणत होते, "हातपाय धुऊन ये आधी."

एवढं आयुष्य गेलं आणि माझं बोलणं म्हणून एवढंच तिला सापडलं. पण खोटं नव्हतं.

अडलं ते मालकांच्या ठिगळाशी. मालक म्हणजे गायत्रीचे आजोबा. त्यांचा पटका होता, लाल, उन्हानं फिक्का झालेला. आवाज कुठून आणायचा? ते गेले तेव्हा घरात आवाज धरून ठेवणारा मोबाइल नव्हता. गायत्री म्हणाली, ते जे बोलायचे ते तू बोल. मी साफ नाही म्हणाले. मेलेल्या माणसाची नक्कल मी करणार नाही. ती म्हणाली नक्कल नको, नुसतं सांग, ते काय बोलायचे.

काय बोलायचे? बोलायचे कमीच. शेतातून आले की दारात उभे राहायचे, खाकरायचे आणि विचारायचे, "हाय का?" कोण हाय, काय हाय, ते कधी नाही. मी असायचेच. दुसरीकडे कुठं जाणार होते? तरी रोज विचारायचे. मला त्याचा राग यायचा. मी आतूनच सांगायची, हातपाय धुऊन या आधी.

दोन दिवस ते ठिगळ मुकंच होतं. तिसऱ्या दिवशी मी दळणाचा डबा ठेवला, तिच्या मोबाइलपाशी गेले, खाकरले आणि "हाय का?" म्हणाले. म्हातारीचा आवाज. पण खाकरणं बरोबर जमलं. गायत्रीनं पुन्हा एकदा म्हण असं म्हटलं नाही, ते बरं केलं.

शाळेतून आणलेल्या लॅपटॉपवर ती रंगीत तुकडे एकमेकांना जोडत बसायची. निळा तुकडा, त्याला पिवळा, त्याच्या पोटात हिरवा. हाच प्रोग्राम म्हणे. मला ते माझ्यासारखंच काम वाटलं. ती पडद्यावर ठिगळं जोडायची, मी ऊन बघून अंगणात. मात्र तिची एक गोष्ट मला पटत नव्हती. प्रत्येक दोरा वेगळा ठेवायचा, मध्ये तोडायचा, टोकाशी चार बोटं शेपूट लोंबत सोडायचं. तिच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं, दुरुस्तीला लागतं. एकाला दुसरा दोरा लागू द्यायचा नाही. आठ ठिगळांचे आठ आणि काठाचा एक अशी नऊ शेपटं वाकळीच्या पाठीवर एका जागी मुळ्यांसारखी लोंबत होती. त्या जागेला तिनं टिचबटणं लावली होती, झंपरला लावतात तशी. बोर्ड तिथं टकटक बसायचा आणि काढला की निघायचा.

आमच्याकडे वाकळ एकटी बाई शिवत नाही. चार बाया चार कडेला बसतात, जिचा तिचा दोरा, आणि कडेकडेनं आत सरकत येतात. दोन बायांचे दोरे जिथं भेटतात तिथं ते एकमेकांना बांधायचे आणि गाठ आत दडपायची. शेपूट लोंबतं ठेवलं तर शिवण उसवते, आणि बघणारी बाई नाक मुरडते. गाठ अशी दडपायची की बोट फिरवलं तरी लागू नये. माझ्या सासूनं हे मला हातावर सुई टोचून शिकवलं. पन्नास वर्षांत मी एकही शेपूट लोंबतं ठेवलं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वाकळ बोलत होती. आठही ठिगळं. मीरा दोनदा येऊन स्वतःची भाकरी थापून गेली. मग गायत्री बोर्ड काढून शाळेत बाईंकडे ठेवायला घेऊन गेली आणि मला सांगून गेली, पाठीला अस्तर लावून ठेव. मी अंगणात, आत्ता बसले आहे तिथंच, वाकळ पालथी घालून बसले. तुरीच्या शेंगा तडकत होत्या. अस्तर टाकायच्या आधी ती नऊ शेपटं समोर आली.

मी विचार केला नाही. लोकांना नंतर वाटलं की मी विचार करून केलं असेल. विचार केला असता तर केलं नसतं. माझी बोटं पुढं झाली आणि एकाचं शेपूट दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असं शेवटचं काठाच्या दोऱ्याला बांधून मोकळी झाली. आठ गाठी. सगळ्या आत दडपल्या, बटणांपुरती जागा उघडी ठेवून वरून अस्तर ताणून टाके घातले. दोरा खरखरीत होता, शेवटची गाठ ओढताना अंगठ्यात रुतला, रक्त आलं. मी अंगठा चोखला आणि वाकळ सरळ करून बघितली. पाठ आणि पोट सारखंच साफ. मला माझाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं गेलो. दत्ता, गायत्री, मी. मला तिनं मुद्दाम घेतलं, शिवणारी कोण ते दाखवायला. एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. कुठं आपोआप पाणी सोडणारा नळ, कुठं माणूस जवळ आला की उघडणारी कचरापेटी. मला कचरापेटी आवडली. गायत्रीनं वाकळ टेबलावर पसरली, बाईंनी बोर्ड दिला, तिनं तो बटणांवर टकटक दाबून बसवला.

आणि आठही आवाज एकदम उसळले. घुंगरं, भाकरी, तूर, बैलांना हाक, माझा ओरडा, सगळं एकात एक, ताडकळसचा बाजार पोत्यात भरून तोंड सोडावं तसं. हॉलमधल्या माणसांनी माना वळवल्या. मग सगळं थांबलं. थांबलं ते थांबलंच.

तपासायला दोघं आले होते, एक चष्मेवाले गृहस्थ आणि एक बाई. गृहस्थांनी गायत्रीनं सांगितल्याप्रमाणे डावा हात काठावर ठेवला आणि उजव्या हाताचं बोट लाल पटक्यावर टेकवलं. काही नाही. माझ्या इरकलीवर टेकवलं. काही नाही. गायत्रीनं बोर्ड काढून पुन्हा बसवला. पुन्हा तोच एकदम गोंगाट आणि पुन्हा मुकं. दत्ता दाराशी उभा होता. तो जवळ आला नाही.

विज्ञानाच्या बाई वाकळीवर हात फिरवून म्हणाल्या, कुठंतरी दोरे एकमेकांना भिडलेत असं वाटतंय.

"दोरे न्हाई बाई," गायत्री म्हणाली. "आज्जीचं शिवण हाय ते. माझ्याच प्रोग्राममधी काय तरी चुकलं."

मला त्या क्षणी कळलं. दोरे भिडलेत हा शब्द ऐकला आणि आठही गाठी माझ्या बोटांना लागल्या, जिथल्या तिथं. चष्मेवाले गृहस्थ भले माणूस होते. म्हणाले, जेवणानंतर आम्ही पुन्हा एक चक्कर मारतो, तोवर सुरू झालं तर बोलवा. म्हणजे तास-दीड तास होता. माझ्या पिशवीत सुईची डबी होती आणि डबीत ब्लेड होतं. अस्तर उसवून आठ गाठी तोडायला मला दहा मिनिटं पुरली असती.

मी बसून राहिले.

का, हे मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं आहे आणि विचारणारी मीच असल्यामुळे उत्तर टाळताही येत नाही. लाज वाटली. एवढ्या माणसांत, पोरीनं "आज्जीचं शिवण हाय ते" म्हटल्यावर, त्याच शिवणीला ब्लेड लावायचं. पन्नास वर्षं कोणी माझ्या टाक्यात खोट काढली नव्हती. आणि दुसरंही एक होतं. गायत्री समोर लॅपटॉपवर वाकून रंगीत तुकडे उचलून पुन्हा ठेवत होती, तिच्या कानामागं घाम आला होता, आणि माझ्या मनात येऊन गेलं की नंबर नाही आला तर पोर घरात राहील. हे मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही.

हॉलच्या खिडकीतून ऊन सरकत टेबलाच्या पायापर्यंत आलं. बाई डबा खाऊन आल्या. गायत्रीनं डबा उघडलाच नाही. ते दोघं पुन्हा आले, लांबूनच बघितलं, गृहस्थांनी मान हलवली आणि पुढं गेले. नंबर कचरापेटीला मिळाला.

जीपमध्ये वाकळ माझ्या मांडीवर होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या तुरीची खोडं होती. गाव दिसायला लागल्यावर दत्ता म्हणाला, "झालं ते झालं. अकरावी इथंच करू." हळूच म्हणाला. पोरीनं मान हलवली. तिनं रडून भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नंतरचे तीन दिवस मी विसरणार नाही. लॅपटॉप परत द्यायला मुदत होती, तेवढे दिवस ती शाळेतून आली की ओसरीत बसायची आणि प्रोग्राम उघडायची. एकेक तुकडा काढायचा, वहीत लिहायचा, परत लावायचा. जिथं चूक नव्हतीच तिथं ती चूक शोधत होती. मी चहा नेऊन द्यायची, ती न बघता घ्यायची. एकदा मला म्हणाली, तुझी येवढी मेहनत माझ्यामुळं वाया गेली गं. मी कप उचलून आत आले. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मीरा म्हणाली, आत्याबाई, पातेलं झिजायलंय.

चौथ्या दिवशी सकाळी दत्ता ओसरीत चहा पीत होता आणि गायत्री शाळेत जायच्या आधी वही घेऊन बसली होती. मी वाकळ आणून दोघांच्या मध्ये पालथी टाकली. ब्लेडनं अस्तर उसवलं. गाठी वर काढल्या.

"ह्या माझ्या हायत," मी म्हणाले. "पोरीचं काही चुकलं न्हाई. मला तिथंच कळलं होतं. बोलले न्हाई."

दत्तानं कप खाली ठेवला. गायत्री वाकून गाठी बघत राहिली. मला वाटलं होतं ती म्हणेल, असू दे आज्जी. पोरी म्हणतात तसं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"तीन दिवस, आज्जी."

एवढंच म्हणाली. उठून दप्तर घेतलं आणि गेली. मला ते बरोबर वाटलं. मी तिच्या जागी असते तर वाकळ फेकली असती.

मग मी दत्ताशी बोलले. घरात मी पुष्कळ बोलते पण त्याच्याशी अशी समोर बसून बोललेले नाही. सांगितलं की तुझी अट पोरीनं पूर्ण केली होती. आदल्या दिवशी आठही ठिगळं बोलत होती, तू शेतात होतास, तुझ्या बायकोला विचार. नंबर गेला तो माझ्या हातानं गेला. माझ्या चुकीचा दंड तिला कशाला? तो बराच वेळ शर्टाच्या ठिगळावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "माय, तिथं तिला काय झालं तर मी कुणाला इचारू?"

मी म्हणाले, इथं काही झालं तर कोणाला विचारतोस?

संध्याकाळी गायत्री बोर्ड घेऊन आली. बाईंकडून मागून आणला होता. माझ्याशी न बोलता वाकळीजवळ बसली. मी गाठी तोडत गेले, ती दोऱ्यांची टोकं एकमेकांपासून लांब टाचत गेली. सात गाठी तोडल्या. आठवी चांगलीच घट्ट बसली होती, माझं रक्त लागलेली, मालकांच्या पटक्याच्या आणि माझ्या इरकलीच्या दोऱ्यांमधली. मी ती सापडत नाही म्हणाले.

बोर्ड बसवला. गोंगाट झाला नाही. गायत्री बापाला म्हणाली, "अण्णा, एक हात काठावर धरा." दत्तानं धरला आणि शर्टाच्या ठिगळावर बोट टेकवलं. त्याचीच बैलांची हाक त्याला ऐकू आली. त्यानं बोट मागं घेतलं, पुन्हा टेकवलं. मग झूल, मग पोतं. मग लाल पटका. त्यातून खाकरून "हाय का?" आलं आणि त्याच दमात त्याच्यावर चढून "हातपाय धुऊन ये आधी". एका बोटाला दोघं एकदम. मीरा दारात हसली. दत्ता हसला नाही. तो त्या ठिगळावर बोट तसंच धरून बसला, जणू उचललं तर बंद पडेल.

"एक वर्ष बघू," तो शेवटी म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही, तो वाकळीकडेच बघत होता.

गायत्री माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलली नाही. संक्रांतीला तिळगूळ दिला, तोही उभ्या उभ्या. नंतर हळूहळू सुरू झालं. पावसाळ्यात नांदेडला गेली. वाकळ नेली नाही, इथंच ठेवून गेली. बोर्ड मात्र तिनं पहिल्याच सुटीत नवा आणून बसवून दिला, आणि दोरा तपासायचं एक यंत्रही आणलं होतं, दोन काड्यांचं. दोन दोरे कुठं जोडलेले असले की ते टूं करतं. ते तिनं वाकळीवर फिरवलं, एका जागी टूं वाजलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि यंत्र पिशवीत ठेवलं.

हे सगळं दोन वर्षांचं जुनं झालं. शेंगा मात्र तशाच तडकतायत. मघाशी, भाकरी झाल्यावर, मोबाइल वाजला. पालथा होता तो उलटा करताना माझ्या हातून पडला. गायत्रीच होती. म्हणाली, सुटलं गणित. मी विचारलं किती. काठावर, म्हणाली. मी म्हणाले काठावर म्हणजे आत की बाहेर? आत, आज्जी, आत. मागं पोरी कालवा करत होत्या. अण्णांना दे, म्हणाली. मी म्हणाले तुझा अण्णा सकाळपासून शेतात तोंड लपवून बसलाय, आला की सांगते. तिनं फोन ठेवला. मीरा चुलीजवळ बसून पदरानं डोळे पुसत होती. मी म्हणाले, भाजी खारट झालीय त्याचं रड.

ऊन उतरायला आलं आहे. तुरीच्या भाऱ्यांची सावली माझ्या पायापर्यंत आली आहे. वाकळीची घडी घालायला घेतली तेव्हा अंगणाच्या तोंडाशी चपला वाजल्या. दत्ता आला. आत आला नाही. त्याच्या हाताला, शर्टाला तुरीचा भुसा चिकटलेला. अंगणाच्या दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि खाकरला. हुबेहूब. त्याच्या बापानं ते त्याला शिकवलं नव्हतं, मला माहीत आहे.

"फोन आला का?" तो म्हणाला.

मी वाकळीची घडी पूर्ण केली.

"हातपाय धुऊन ये आधी," मी म्हणाले.